जुनी गाडी मिसिंग मारतेय? पाना उचलण्याआधी ‘कधी’ ते शोधा

माझी जुनी कार्बोरेटरची (हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या भागाची) गाडी एकदा मिसिंग मारायला लागली, म्हणजे सिलिंडरात मधूनच पेट्रोल पेटायचं चुकायला लागलं. आयडलला, म्हणजे पेडलला न शिवता नुसती चालू ठेवली की, अगदी घड्याळासारखी चालायची. पेडल पूर्ण दाबलं तरी तक्रार नाही. पण सपाट रस्त्यावर, पेडलवर पाय जेमतेम टेकवून ताशी ५०-६० किलोमीटरनं निघालं की गचके सुरू. मेकॅनिकनं कार्बोरेटर उघडून धुतला, जेट (त्यातली पेट्रोलची बारीक भोकं) बदलले. फरक नाही. मग फ्युएल पंप बदलला, मग प्लग. गचके होते तिथेच.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे ठिणगीची वीज सिलिंडरांना वाटणाऱ्या भागाला, जाणारा व्हॅक्यूमचा (इंजिनच्या ओढीचा) रबरी पाइप काढला, त्याच्या तोंडात स्क्रू खोचून बूच मारलं आणि गाडी बाहेर काढली. एकही गचका नाही. डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडली तेव्हा कारण दिसलं. पॉइंटकडे, म्हणजे ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या स्विचकडे, जाणारी बोटभर लांबीची वायर होती. वरचं आवरण धडधाकट, पण आतली तांब्याची तार तुटून दोन-तीन केसांवर लटकलेली. हलक्या पेडलवर इंजिनचा व्हॅक्यूम जास्त असतो. तो व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (ठिणगीची वेळ पुढे आणणाऱ्या यंत्रणेचा) डायफ्राम, म्हणजे पडदा, ओढतो, डायफ्राम पॉइंटची प्लेट फिरवतो, वायर ताणली जाते आणि ठिणगी तुटते. माझ्या गाडीत त्या पाइपाचं भोक थ्रॉटलच्या (पेडलनं उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पाकळीच्या वर असल्यामुळे आयडलला तिथे व्हॅक्यूम पोचायचा नाही, आणि पूर्ण पेडलवर तर मॅनिफोल्डमध्येच (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळीत) तो उरत नाही. म्हणून दोन्ही टोकांना गाडी शहाणी आणि मधेच वेडी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आमची गत झाली होती.

वास्तविक उत्तर पहिल्या दिवसापासून समोर होतं. गाडी नेमकी कधी मिस मारते हे मला ठाऊक होतं, फक्त त्या ‘कधी’चा अर्थ कुणी लावला नव्हता. पुढे लिहिलेला सगळा क्रम त्याच प्रश्नाभोवती फिरतो. लेख पेट्रोल गाड्यांपुरताच आहे. डिझेलची दुखणी वेगळी असतात, आणि कॉमन रेल डिझेलचे (ज्यात डिझेल फार मोठ्या दाबाखाली असतं) पाइप तर घरी सैल करूच नयेत.

आधी कागद-पेन्सिल

गाडी फिरवून या आणि ही उत्तरं लिहून काढा. थंड असताना मिस मारते की गरम झाल्यावर? आयडलला, हलक्या पेडलवर की चढावर? पावसात किंवा गाडी धुतल्यावर वाढतं का? टाकीत पेट्रोल कमी असताना वाढतं का? एका लयीत फट-फट येते की आठवण आल्यासारखी मधूनच? आणि गाडीला शेवटचा हात कधी आणि कुठे लागला होता? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. एअर फिल्टर बदलताना कोपराचा धक्का लागून निघालेला पाइप हे मिसिंगचं अगदी नेहमीचं कारण आहे.

आता या उत्तरांचा अर्थ. आयडलला खडखड आणि रेस केली की साफ, असं असेल तर संशय बाहेरून ओढल्या जाणाऱ्या हवेवर, कार्बोरेटरच्या आयडल जेटवर, उघड्या राहिलेल्या ईजीआर वाल्व्हवर (धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणाऱ्या) किंवा कमी कॉम्प्रेशनवर (सिलिंडरमधल्या दाबावर) घ्यावा. आयडलला छान पण चढावर, जोर मागितला की गचके, तर ठिणगी अशक्त आहे किंवा पेट्रोल कमी पडतंय. पेडल दाबल्याबरोबर क्षणभर दम तुटतो आणि मग उचलते, तर कार्बोरेटरचा ॲक्सिलरेटर पंप (पेडल दाबताच जादा पेट्रोल टाकणारा) बघा. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर काळा धूर सोडत अडखळते, तर चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल मिळावं म्हणून हवा अडवणारी झडप) अडकलाय. इंजेक्शनच्या गाडीत (जिथे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर पेट्रोल फवारतात) हेच सोंग कूलंटचा तापमान सेन्सर आणतो, कारण इंजिन अजून गारच आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल ओतत राहतो. वीस-पंचवीस मिनिटं चालून बंद पडते आणि गार झाली की जणू काही झालंच नाही अशी चालू होते, तर ठिणगीच्या साखळीतले भाग बघा: इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी), कंडेन्सर (पॉइंटचा जोडीदार), इग्निशन मोड्यूल (पॉइंटऐवजीचा इलेक्ट्रॉनिक स्विच) किंवा क्रँक सेन्सर (इंजिन कुठे फिरतंय ते सांगणारा). दमट हवेत, पहाटे, पावसात वाढतं, तर प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप.

ठिणगी गेली की पेट्रोल गेलं, हे सीटवर बसूनही बरंचसं कळतं. ठिणगी जाते तेव्हा कुणीतरी दिव्याचं बटण बंद-चालू केल्यासारखं होतं, झटका तोडून येतो. पेट्रोल कमी पडतं तेव्हा समईतलं तेल संपल्यासारखं होतं, गाडी हळूहळू मंदावते, कुरकुरते, पेडल सोडलं की थोडी सावरते. आरपीएमचा काटा असेल तर त्याच्यावरही नजर ठेवा. गाडी गिअरमध्ये धावतेय, इंजिन फिरतंय, आणि काटा मात्र खाली आपटून परत वर येतो, तर कॉइलचा प्राथमिक पुरवठा किंवा त्याला इशारा देणारा भाग तुटतोय. मग पेट्रोलच्या वाटेला जाऊ नका.

बॉनेट उघडा, पण हात मागे बांधून

पहिली दहा मिनिटं नुसतं पाहायचं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी आहे का, क्लॅम्प हातानं हलतो का. बंद गाडीत व्होल्टेज साधारण १२.६ आणि चालू गाडीत १३.८ ते १४.५ असावं. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी शोधा, जुन्या गाड्यांत ती गंजून धाग्यावर आलेली असते. मल्टिमीटरची एक टोचणी इंजिनच्या धातूवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगवर काम आहे.

मग व्हॅक्यूमचे पाइप. प्रत्येक पाइप बोटांनी वाकवून टोकाशी बघा, चिरा तिथेच पडतात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुन्या काळच्या रबराचे पाइप आणि डायफ्राम कडक होतात किंवा फुगतात, त्यामुळे पेट्रोलचे पाइपही त्याच फेरीत तपासून घ्या. आणि गाडी चार-सहा महिने उभी असेल तर टाकीतल्या पेट्रोलवरच पहिला संशय घ्या. शिळ्या पेट्रोलला वार्निशासारखा आंबूस वास येतो.

चारांतला आजारी कोण?

मिसिंग लयीत असेल तर बहुधा एकच सिलिंडर दोषी असतो. तो शोधायची जुनी रीत अशी: इंजिन आयडलला ठेवायचं, एकेका सिलिंडरची ठिणगी तोडायची आणि आवाज ऐकायचा. निरोगी सिलिंडर बंद केला की इंजिन लंगडतं. ज्याला बंद केल्यावर काहीच फरक पडत नाही, तोच आधीपासून झोपलेला आहे.

करताना काळजी घ्या. चालू इंजिनात प्लगची वायर उघड्या हातानं उपटू नका. कॅपच्या बाजूचं टोक आधी इंजिन बंद करून सैल करून ठेवा, मग इन्सुलेटेड पकडीनं काढा. काढलेली वायर हवेत लोंबकळू देऊ नका. तिच्यात जुना प्लग खोचून तो प्लग इंजिनच्या धातूला टेकवा, नाहीतर उच्च दाबाची वीज कॉइल किंवा मोड्यूल फोडून वाट काढते. पेसमेकर बसवलेल्यांनी या कामापासून लांबच राहावं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत ही चाचणी सेकंदांत उरका, कारण न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं आणि कन्व्हर्टर लालबुंद होतो. इंजेक्शनच्या गाडीत ठिणगीऐवजी इंजेक्टरचा सॉकेट काढणं जास्त बरं, त्यात पेट्रोलच बंद होतं. बंद गॅरेजमध्ये यातलं काहीही करायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दोन कॉइलवर चार सिलिंडर चालणारी गाडी असेल, तर सहसा १ आणि ४ एका कॉइलवर, २ आणि ३ दुसऱ्या कॉइलवर असतात. अशी जोडीच झोपली असेल तर कॉइल पकडा. एका कॉइलवर नसलेले शेजारशेजारचे दोन झोपले असतील, तर त्यांच्याकडे आपण शेवटी येणार आहोत.

प्लग म्हणजे इंजिनची जीभ

वैद्य जीभ बघतो तसे प्लग बघायचे. सगळे काढा, पण कुठला कुठल्या सिलिंडरचा हे लक्षात राहील असे ओळीनं मांडून ठेवा. टोक फिकट बदामी असेल तर त्या सिलिंडरचं बरं चाललंय. कोरडी, मऊ, बोटाला लागणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओलसर, चकचकीत काळा थर म्हणजे ऑइल आत येतंय, रिंगांकडून किंवा वाल्व्हच्या सीलमधून. पांढराफटक, टोकाला फोड आल्यासारखा म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, तापमान वाढलेलं. एकच प्लग बाकीच्यांपेक्षा संशयास्पद स्वच्छ, धुतल्यासारखा दिसला तर पाणी कमी होतंय का ते तपासा. हेड गॅस्केटमधून कूलंट शिरत असेल तर वाफ प्लग धुऊन काढते.

चिनी मातीचा भाग उजेडात फिरवून पाहा. वरपासून खालपर्यंत पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर वीज टोकाशी जाण्याऐवजी त्या रेघेवरून पळतेय. प्लगच्या रबरी टोपीच्या आतही तशीच रेघ उमटलेली असते, म्हणून फक्त प्लग बदलला तर आठवड्यात दुखणं परत येतं.

फट फीलर गेजनं मोजा. पॉइंटच्या गाड्यांत ती साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये ०.८ ते १.१ असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. फट झिजून वाढली की ठिणगीला लांब उडी मारावी लागते. आयडलला ती जमते, पण चढावर सिलिंडरमधला दाब वाढला की जमत नाही. ‘तसं सगळं ठीक, फक्त लोड आला की मारते’ या तक्रारीचं हे पहिलं कारण. स्वस्तातलं असल्यामुळे आधी तपासलं तर डोक्याला ताप होत नाही.

ठिणगीचा माग

काळोख पडल्यावर इंजिन चालू करून बॉनेटखाली बघा. प्लगच्या वायरींवर निळसर किडे वळवळताना दिसले तर शोध संपला. दिसले नाहीत तर फवाऱ्यानं वायरींवर आणि कॅपवर पाण्याची हलकी धूळ उडवा. गळती असेल तर आता दिसेल आणि ऐकूही येईल. हात आणि बाह्या पंख्यापासून लांब ठेवा.

वायरी काढून रोध मोजा. चांगल्या वायरींचा रोध लांबीप्रमाणे काही हजार ओहम येतो. नेमक्या आकड्यापेक्षा बाकीच्यांच्या तुलनेत कुठली वायर भलतीच वेगळी आहे हे महत्त्वाचं. मोजताना वायर वाकवून बघा, आकडा उड्या मारत असेल तर तीच.

डिस्ट्रिब्युटरची कॅप आतून पुसून, तिरप्या उजेडात बघा. केसासारखी भेग, मधल्या कार्बनच्या टोकाची झीज, रोटरवर जळल्याची खूण. पॉइंट असतील तर त्यांचे दोन तोंडांचे भाग राखाडी आणि सपाट असावेत. एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा, किंवा निळसर जळलेले दिसले तर कंडेन्सरवर शंका घ्या. कंडेन्सर बिघडला की ठिणगीही पिवळी, बारीक आणि मरगळलेली येते. फट बहुतेक गाड्यांत ०.३५ ते ०.५ मिलिमीटर. ती बरोबर बसवूनही दर वेळी वेगळी येत असेल तर डिस्ट्रिब्युटरची दांडी बोटांनी आडवी हलवून बघा. बुश झिजलं असेल तर नवे पॉइंट घालून काही होत नाही. आणि सेल्फ मारताना चालू होऊन, चावी सोडली की लगेच बंद पडणारी गाडी भेटली तर बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलची वीज कमी करणारा रोधक) तपासा. सेल्फच्या वेळी वीज त्याला वळसा घालून जाते, एरवी त्याच्यातून.

माझ्यासारखी डिस्ट्रिब्युटरच्या आतली वायर बदलायची वेळ आली, तर हाताशी असलेली कुठलीही वायर लावू नका. ती प्लेटबरोबर हजारो वेळा वाकणार आहे. खूप बारीक तारांची, मऊ आवरणाची वायर लागते. कडक वायर लावली तर व्हॅक्यूम ॲडव्हान्सच अडकतो.

पेट्रोलची वाट, टाकीपासून

कार्बोरेटरवर तुटून पडायची घाई सगळ्यांना असते. मी उलटा जातो, टाकीच्या झाकणापासून. झाकणाचं हवेचं भोक बुजलं की पेट्रोल जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंप ओढून थकतो. गाडी अर्धा तास छान चालते, मग कुंथते. त्या वेळी थांबून झाकण उघडा. सुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच ठणठणीत झाली, तर नवं झाकण लावा.

टाकीत गंज असेल तर खेळ निराळा. कचरा जाळीवर जाऊन चिकटतो, गाडी बंद पडते. पाच मिनिटं उभी केली की कचरा खाली बसतो, गाडी परत चालते. फिल्टरमधलं पेट्रोल पांढऱ्या कागदावर ओतून बघा, तांबूस भुकटी दिसेल. काचेच्या बाटलीत ओतलं आणि तळाशी वेगळा थर जमला तर पाणी आहे.

पंपाचा प्रवाह पाहायला, कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडा, कॉइलची वायर काढून ठेवा आणि सेल्फ मारा. दमदार पिचकाऱ्या यायला हव्यात. हे काम उघड्यावर, इंजिन गार असताना, आणि जवळपास आग किंवा सिगारेट नसताना करायचं. यांत्रिक पंपाचा दाब जेमतेम ०.२ ते ०.४ बार असतो. इंजेक्शनच्या लाइनमध्ये मात्र बहुतेक गाड्यांत २.५ ते ३.५ बार दाब असतो, आणि इंजिन बंद केल्यावरही तो टिकून राहतो. तिथे पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवल्याशिवाय पाइपाला हात लावू नका.

मग कार्बोरेटर. एअर फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवून वरून आत बघा आणि थ्रॉटल हातानं फिरवा. फिरवल्याक्षणी पेट्रोलची बारीक, सरळ धार आली पाहिजे. धार उशिरा आली किंवा नुसती थेंबथेंब आली, तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम गेला. आयडलच्या स्क्रूनं काहीच फरक पडत नसेल तर आयडल जेट तुंबलाय. तो दाबाच्या हवेनं साफ करावा. तार घालून नाही, भोक मोठं होतं आणि मग गाडी आयुष्यभर पेट्रोल पिते.

चोरून येणारी हवा

आयडलला खडखड आणि रेस केली की साफ, हे लक्षण असेल तर एकेक व्हॅक्यूम पाइप मऊ पकडीनं चिमटून बघा. ब्रेक बूस्टरचा पाइप विसरू नका. ज्याला चिमटलं की इंजिन सुधारतं, त्याच्या पुढे गळती आहे. मॅनिफोल्डच्या आणि कार्बोरेटरच्या गॅस्केटभोवती साबणाचं पाणी सोडा. चीर असेल तर पाणी आत ओढलं जातं आणि इंजिनचा सूर क्षणभर बदलतो. कार्बोरेटर क्लीनर फवारूनही हे करतात, पण गरम एक्झॉस्टच्या शेजारी ज्वालाग्राही फवारा मला पटत नाही.

व्हॅक्यूम गेज मिळाला तर तो दहा हत्यारांना भारी. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं, दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी. काटा स्थिर पण खाली असेल तर हवेची गळती किंवा मागे पडलेलं ठिणगीचं टायमिंग. एका लयीत खाली टिचकी मारत असेल तर कुठला तरी वाल्व्ह नीट बसत नाही. आरपीएम २,५०० ला धरून ठेवल्यावर काटा हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर किंवा कन्व्हर्टर तुंबलाय.

इंजेक्शनची जुनी गाडी

इथे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा, मात्र तो सांगेल तो भाग लगेच बदलू नका. पी०३०० म्हणजे कुठलाही सिलिंडर मधूनच मिस, पी०३०२ म्हणजे दुसरा. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर दोन आणि तीनच्या कॉइलची अदलाबदल करा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल, जागीच राहिला तर प्लग आणि इंजेक्टर. इंजेक्टरला लांब पेचकस टेकवून मूठ कानाशी धरा, टिकटिक नसेल तर तो मुका आहे. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानानं पेट्रोल कमी. तेव्हा फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय तो आकडा) आयडलला आणि २,५०० आरपीएमला वाचा. आयडलला जास्त आणि वर नेल्यावर कमी होत असेल तर हवेची गळती. उलट असेल तर पेट्रोलचा पुरवठा. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी ताणू नका, कन्व्हर्टर जळतोय. थ्रॉटल बॉडीवरची काजळी आणि आयडल वाल्व्ह हे सिग्नलला बंद पडणाऱ्या गाडीचं कारण, ते साफ करून होतं.

शेवटी कॉम्प्रेशन

ठिणगी, पेट्रोल, हवा सगळं ठीक आणि एक सिलिंडर तरीही झोपलेला, तर गेज लावायचा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, कॉइल आणि पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. बहुतेक पेट्रोल इंजिनांत १२० ते १८० पीएसआय येतात. एकमेकांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत मोजा. आकडा वर गेला तर रिंगा झिजल्यात. तिथेच राहिला तर वाल्व्ह किंवा गॅस्केट. मात्र हेड उघडण्याआधी टॅपेट, म्हणजे वाल्व्ह दाबणारे भाग, तपासा. ते घट्ट झाले असतील तर गरम झाल्यावर वाल्व्ह पूर्ण बंदच होत नाही, आणि वेळेत सैल केले तर हेड वाचतं. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट फुटलंय. सगळेच सारखे कमी असतील तर टायमिंग बेल्ट दातानं सरकलाय का ते बघा.

दुरुस्ती झाल्यावर गाडी गल्लीत फिरवून ‘झालं’ म्हणू नका. कागदावर जे लिहिलं होतं तीच परिस्थिती परत आणा: तोच चढ, तेवढीच गरम, टाकीत तेवढंच पेट्रोल. आणि काढलेले चांगले प्लग, कॅप, कंडेन्सर फेकू नका, डिकीत ठेवा. माझ्या डिकीत तो विनाकारण बदललेला पंप अजून आहे.